दत्तविजय भाताची चौदा घरं

परंदवडी,
६ नोव्हेंबर १९६६

रा. रा. भिमाजीराव यांस परंदवडीहून दत्तोबाचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की मी एक शोध लावला आहे. तुम्ही शालूचे थोरले भाऊ, त्यात लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, म्हणजे जगाचं तुम्हाला कळतं. म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच कळवतो.

गेल्या साली आमच्या ओढ्याकडच्या खाचरात एका कोपऱ्यातलं भात बाकीच्यापेक्षा वीस दिवस आधी पिकलं. दुसरा कोणी असता तर त्याने ते सगळ्याबरोबर कापून कणगीत ओतलं असतं. मी ते वेगळं ठेवलं. यंदा अर्धं खाचर त्याचंच लावलं, तेही दोरी धरून, ओळीत, वीत-वीत अंतरावर, शेतकी साहेबांनी चावडीवर सांगितलं होतं तसं. गाव हसलं. पण पाऊस गणपतीनंतर जो गेला तो परत आला नाही, आणि गावातली निम्मी भातं पोचट राहिली. माझं मात्र तोवर भरून पिवळं झालं होतं. या जातीला मी दत्तविजय असं नाव ठेवलं आहे.

एकच गोष्ट खटकते. बांधापलीकडच्या हनुमंताचंही एक लहान खाचर नेमकं त्याच सुमाराला पिकलं. मी पुष्कळ विचार केला. माझ्या भाताचा वारा त्याच्या भाताला लागला असणार, दुसरं काही नाही. हाच हनुमंत परवा माझ्याकडे मूठभर बी मागायला आला. मी सरळ नाही म्हणालो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे फार झालेत.

आता बियाची चोरी होईल अशी धास्ती वाटते. तुमच्याकडे कुलपाची एखादी मजबूत पेटी मिळेल का, ते कळवावे. हा सर्व मजकूर अत्यंत गुप्त आहे. कोणापाशी बोलू नये.

आपला,
दत्तोबा


कुसगाव,
१४ नोव्हेंबर १९६६

दाजींना भिमाजीचा नमस्कार.

आपले पोस्टकार्ड काल मिळाले. पहिली बाब, गुप्त मजकूर पोस्टकार्डावर लिहू नये. पोस्टकार्ड उघडे असते. आपल्या कार्डाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने ‘आमालाबी थोडं बी ठेवा’ असे लिहिले आहे. ते अक्षर आपले नाही. आपल्या टपालवाल्या रखमाजीचे असेल किंवा वाटेतल्या आणखी कोणाचे असेल, पण शोध फुटला आहे असे धरून चालावे. यापुढे इनलँड वापरावे.

दुसरी बाब पेटीची. याबाबतीत आपण योग्य माणसाकडे आलात. रेल्वेच्या लिलावात मी गार्डची एक जुनी लोखंडी पेटी घेऊन ठेवली आहे. तिच्या झाकणातून मुंगीसुद्धा आत जायची नाही, वारा तर नाहीच. अशी पेटी घेऊन गार्ड बोरघाटातल्या पावसात उभा राहतो आणि आतले कागद कोरडे राहतात. पार्सलने पाठवतो, तळेगाव स्टेशनात सोडवून घ्यावी. मालाची राखण कशी करावी हे रेल्वेकडून शिकावे.

आमच्याकडे सर्व ठीक. शेतीकडे मला बघायला होत नाही, ती कस्तुराच बघते. यंदा घरच्या भाताला काही वेगळाच वास येतो, अगदी लहानपणी यायचा तसा. मी दिवाळीला नवे पितळी पातेले आणले, त्याचा तो गुण आहे. आपणही एक घ्यावे.

आपला,
भिमाजी


परंदवडी,
२२ नोव्हेंबर १९६६

दादा,

साक्षरता वर्गात गेल्यापासून हे माझं पाचवं पत्र, चुका झाल्या तर बाईंना बोल, मला नको. हे पत्र मी लिहिलंय ते ह्यांना माहीत नाही, आणि पुढे जे लिहितेय ते तर मुळीच माहीत नाही.

तुझ्या दाजींनी काहीही शोधलेलं नाही. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतली चिमाबाई दरसाल लावणीच्या टोळीबरोबर खाली येते, ती तुला आठवत असेल. दोन सालांमागं मी तिला म्हणाले, आमच्याकडं शेवटचा पाऊस दगा देतो. तिनं पुढच्या खेपेला पदराच्या गाठीत मूठभर बी आणलं. म्हणाली, “ह्ये लाव कोपऱ्यात. ह्येला लय दिस लागत न्हाईत.” मी लावलं. ह्यांना ते पिकल्यावर दिसलं, आणि ह्यांनी शोध लावला. दिवसभर खाचराच्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभे असायचे. मग माझ्याच्यानं बोलवेना.

आणि त्याच साली मी त्यातलं बी वाटूनही टाकलं. हनुमंतभावजींच्या बायकोला, बायाला दिलं, वारा-बिरा काही लागलेला नाही. भावजींनाही घरच्या खाचरात काय लावलंय ते ठाऊक नाही, म्हणून ते बिचारे ह्यांच्याकडं मागायला आले. सोमाटण्याच्या मावशीला दिलं, तिनं तिच्या नणंदांना दिलं. त्या दिवाळीला वहिनी आली होती तिलाही दिलं. तू यंदा घरी जो भात खातोयस तो तोच आहे. पातेल्याचं काय ते तू बघ.

बियाला घरात बंद करून ठेवायचं ही ह्यांचीच कल्पना. बी म्हणजे विरजणासारखं असतं, शेजारी दिलेलं असलं की आपलं नासलं तरी परत मिळतं. पण हे ह्यांना सांगायचं नाही. ह्यांच्या तोंडावर गेल्या दहा वर्षांत एवढा आनंद मी पाहिला नाही. तू हसू नकोस आणि कुणाला सांगू नकोस.

तुझी,
शालू


कुसगाव,
२८ नोव्हेंबर १९६६

चि. शालूस आशीर्वाद.

तुझे पत्र ऑफिसात उघडले आणि इतका हसलो की पार्सलवाल्या लोकांना वाटले मला बढती मिळाली. कस्तुराला विचारले, “हे भात आपल्याकडे कुठून आलं?” ती म्हणाली, “शालूताईंनी दिलं.” मला का सांगितलं नाहीस, तर म्हणाली, “तुमी इचारलं न्हाई.” आमच्या सर्वांत वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, तिथे आजवर काही धड पिकत नव्हते. तिने हे भात तिथे लावले. पहिल्या रोपांना कुसगावच्या पावसाने लोळवले, तेव्हा बाकीच्या रोपांचे शेंडे खुडून मग लावली. ती उभी राहिली. घरात एवढे उद्योग चालतात आणि मला गाड्यांचे टाइमटेबल तेवढे पाठ.

दाजींना मी काही सांगणार नाही. पेटी रवाना केली आहे, त्यांचे समाधान होऊ दे. वासाचे श्रेय मात्र मी पातेल्यालाच देणार. डोंगरावरच्या भाताला एवढा वास असेल असे मला वाटत नाही.

तुझा,
भिमाजी


परंदवडी,
१२ डिसेंबर १९६६

भिमाजीराव यांस रामराम. हे इनलँड आहे, याची नोंद घ्यावी.

पेटी पोचली. तळेगावाहून बैलगाडीत आणली. उतरवायला चार माणसं लागली आणि चौघांनीही आत काय ठेवणार ते विचारलं. मी म्हणालो, कागदपत्रं. हनुमंत म्हणाला, “दत्तोबा, तुज्याकडं कागुद म्हंजी येक सातबारा. त्येला येवढी पेटी?”

शालूचा हट्ट होता की मळणीनंतर बी चार उन्हं खळ्यावर वाळवावं. आता खळ्यावर भात पसरलं की ते साऱ्या गावाला दिसलं. येणारा-जाणारा चार दाणे उचलणार, दाताखाली फोडणार, दोन दाणे खिशात टाकणार. मी तसं काही होऊ दिलं नाही. मळणी झाली त्याच संध्याकाळी सगळं बी पेटीत भरलं, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. शालू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शास्त्राचं काम करणाऱ्याला घरातून एवढं सोसावंच लागतं.

मोठी बातमी पुढेच आहे. शेतकी साहेब येऊन गेले. पुढच्या हंगामात माझं ओढ्याकडचं सबंध एक एकर तालुक्याचं प्रात्यक्षिक म्हणून धरलं आहे. वीस जूनला साहेब चार गावचे सरपंच घेऊन रोपं बघायला येणार. पीक चांगलं आलं तर फवारणीचा पंप बक्षीस. आमच्या घराण्यात आजवर बक्षीस म्हणून कोणाला नारळसुद्धा मिळालेला नाही.

आपला,
दत्तोबा


परंदवडी,
२४ मे १९६७

भिमाजीराव यांस रामराम.

बरेच दिवसांत पत्र नाही, क्षमा असावी. माझं सर्व ठीक आहे. रोपांसाठी राब भाजून झाला, आता नुसतं बी टाकायचं राहिलं आहे.

एक गोष्ट विचारायची होती, ती आमच्या हनुमंताची. त्याने यंदा आपलं बी नीट न वाळवता एका बंद भांड्यात ठेवलं. परवा उघडलं तर आतून उबट वास आला आणि दाणे एकमेकांना चिकटलेले निघाले. ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून पाहिले. चार दिवसांनी एकाला मोड आला, तोही वाकडा. हनुमंत फार काळजीत आहे. जेवत नाही, चावडीवर जात नाही. रेल्वेत भिजलेल्या मालावर काही इलाज करतात का? त्याच्यासाठी विचारतो. मला तसं काही कारण नाही.

आपला,
दत्तोबा


कुसगाव,
२७ मे १९६७

दाजींना नमस्कार.

हनुमंताला माझा निरोप सांगावा की तो महामूर्ख आहे. ओले बी बंद भांड्यात भरणाऱ्या माणसाला खाचरात पाठवू नये, गोठ्यात दावणीला बांधावे. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून त्याला एवढे कळू नये? त्याच्या बायकोने त्याला सांगितले असणारच, आणि त्याने ऐकले नसणार. असली माणसे ऐकत नाहीत. मेलेल्या बियावर रेल्वेकडे इलाज नाही, कोणाकडेच नाही. हा भाग त्याला मोठ्याने वाचून दाखवावा म्हणजे जन्मभर लक्षात राहील.

आपण मात्र निश्चिंत असा. आपले बी गार्डच्या पेटीत आहे.

आपला,
भिमाजी


परंदवडी,
३० मे १९६७

दादा,

तुझं पत्र ह्यांनी वाचलं. मोठ्याने नाही. वाचून घडी घातली, टोपीत ठेवलं आणि गोठ्यात जाऊन बसले.

हनुमंतभावजींचं बी ठणठणीत आहे. बायानं चार उन्हं वाळवून राखेत घालून ठेवलं होतं. मेलंय ते आमचं. तुझ्या त्या पेटीत वारा जात नाही म्हणतोस ना, खरंच गेला नाही. दोन मण बी आतल्या आत शिजलं. आता ते गुरंही खाईनात.

तू रागावू नकोस आणि हसूही नकोस, हसायची वेळ नाही. राब भाजून तयार आहे आणि टाकायला दाणा नाही. जुन्या भाताचं बी ह्यांनी यंदा ठेवलंच नव्हतं, आता दत्तविजयच लावायचं म्हणून. एकर पडीक राहिलं तर वर्षभर घरात काय शिजवायचं? आणि वीस तारखेला साहेब चार सरपंच घेऊन येणार. हे म्हणतात, मी त्या दिवशी गावात नसणार. कुठं जाणार विचारलं तर सांगत नाहीत. मला भीती वाटते रे.

गावात कुणाकडं मागायला जा म्हटलं तर मान खाली घालतात. सहा महिन्यांपूर्वी ज्याला मूठभर दिलं नाही त्याच्या दारात जायचं कसं? ते जाणार नाहीत. म्हणून मी निरोप धाडलेत. सोमाटण्याला, पेठेला, जिथं-जिथं बी गेलंय तिथं सगळीकडं. वहिनीला सांग, असेल तेवढं लगेच पाठव. रोहिणी लागल्या, पेरणी थांबायची नाही.

शालू


कुसगाव,
२ जून १९६७

शालू,

पेटी माझी, सल्ला माझा, शिव्याही माझ्याच. ते पत्र परत बोलावता आले असते तर पायी येऊन नेले असते. दाजींपुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

आज सकाळच्या गाडीने कस्तुराचे बी ओळखीच्या गार्डबरोबर पाठवले आहे. कापडी पिशवीत आहे, वारा लागावा म्हणून तोंड सैल बांधले आहे. कस्तुरा म्हणते, रोपांचे शेंडे चार बोटे खुडून लावा, नाहीतर झोडीच्या पावसात लोळतील. पिशवीतले बी दुसऱ्या कुणाच्यात मिसळू नये असेही तिने तीनदा बजावले आहे. तिच्या मते तिचे बी सर्वांत चांगले.

दाजींना एकटे कुठे जाऊ देऊ नकोस.

भिमाजी


परंदवडी,
९ जुलै १९६७

भिमाजीराव यांस दत्तोबाचा रामराम.

तो हनुमंत नव्हता. तो मी होतो. हे तुम्हाला एव्हाना कळलं आहे असं शालू म्हणाली, तरी माझ्या हाताने लिहावं म्हणून लिहितो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमचं पत्र मी हनुमंताला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि हे माझ्याबद्दल आहे असंही सांगितलं. तो म्हणाला, “भिमाजीरावांना मानूस वळखता येतो.”

आता काय घडलं ते ऐका. चार जूनला सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पहिल्यांदा हनुमंताची बाया आली आणि एक गाठोडं ठेवून उभी राहिली. मग सोमाटण्याच्या मावशी आल्या, त्यांच्या मागे त्यांच्या दोन नणंदा. कस्तुरावहिनींची पिशवी टपालवाल्या रखमाजीने स्टेशनावरून आणली आणि तो स्वतःचंही एक पुडकं घेऊन आला. त्या पोस्टकार्डावर पेन्सिलीने लिहिणारा तोच. त्यालाही शालूने मग बायाकडचं मिळवून दिलं होतं. दुपारपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मी प्रत्येक गाठोडं उघडून बघत होतो आणि प्रत्येकातून माझं दत्तविजय निघत होतं.

सगळ्यांत शेवटी तिकोणा पेठेहून चिमाबाई आली, डोक्यावर भरलेली दुरडी घेऊन, सगळी वाट चालत. मी विचारलं, “चिमाबाई, तुज्याकडं दत्तविजय कुटून आलं?”

ती म्हणाली, “कोन दत्तविजय? ह्ये आमचं भात हाय. म्याच न्हाई का तुमच्या शालूबायला दिलं व्हतं, लावा कोपऱ्यात म्हनून?”

मी शालूकडे बघितलं. शालू आढ्याकडे बघत होती. बाकीच्या बायकांकडे बघितलं, तर त्या सगळ्या पदर तोंडाला लावून उभ्या. भिमाजीराव, मी खाली बसलो आणि पाणी मागितलं. कोणी आणलं नाही, कारण सगळ्या हसत होत्या. मग मीही हसलो. दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो तो उतरल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं रडूही आलं, पण ते हसण्यात खपून गेलं.

पण खरा ताप पुढे होता. चौदा घरचं बी आणि प्रत्येकीची सूचना वेगळी. बाया म्हणे, मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगेल ते काढून टाका. मावशी म्हणे, मुळात पाणी साचू देऊ नका. वहिनींचं शेंडे खुडायचं. चिमाबाई म्हणे, राबाला शेणाबरोबर ऐनाचा पाला भाजलात का, मग काय उपेग. एकीचं दुसरीला पटेना. सगळं बी एकत्र केलं असतं तर या बायकांनी मला गावात राहू दिलं नसतं. म्हणून मी राबाचे चौदा वाफे पाडले, प्रत्येकीचं बी वेगळं टाकलं आणि काठीला फळकूट बांधून प्रत्येकावर नाव लिहिलं.

वीस तारखेला साहेब आले. वाफ्यांवरून दोनदा फिरले, फळकुटं वाचली आणि सरपंचांना म्हणाले, “याला म्हणतात तुलनात्मक प्रयोग. हे शास्त्र आहे.” शालूने सांगितलं, “सायेब, भांडनं हुऊ नयेत म्हनून केलंय.”

गेल्या आठवड्यात लावणी झाली. इर्जिक घातली, घरटी एक माणूस आला. माझ्याकडून मी फक्त दोरी दिली. ओळीत लावायला आधी सगळ्या कुरकुरल्या, पण एका ठिकाणी दोनच काड्या लावायच्या म्हटल्यावर तेवढ्या रोपांत अख्खं एकर पुरलं. संध्याकाळी चिमाबाई दोरी गुंडाळून काखेत मारून निघाली. मी म्हणालो, अगं माझी दोरी. तर म्हणे, “आमचं भात न्हेलं तवा इचारलं व्हतं का?”

तिला दोरी दिली.

आपला,
दत्तोबा


परंदवडी,
२६ नोव्हेंबर १९६७

भिमाजीराव यांस रामराम.

पीक आलं. पाऊस याही वर्षी आधी गेला, पण ओढ्याकडचं एकर भरून पिवळं झालं. चौदा पट्टे एका ओळीत बघायला लोक येत होते. बायाचं मिठाच्या पाण्यातलं बी सखल कोपऱ्यात सर्वांत सरस निघालं, वहिनींचं उंचवट्यावर. पुढच्या साली कोणी काय कुठे लावायचं ते बायकांनी खळ्यावरच ठरवून टाकलं, मला नुसतं कळवलं. खळ्यावर म्हणजे बी चार उन्हं पसरलं होतं. येणारा-जाणारा दाताखाली फोडून बघत होता. मी त्यांना आणखी दोन दाणे देत होतो.

साहेबांनी बक्षिसाचा फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता, बियाणे मूळ कोणाचे. पुढे एकच ओळ. साहेब म्हणाले, तुमचं नाव टाका आणि सही करा. मी म्हणालो, साहेब, उद्या देतो.

एका ओळीत चौदा नावं बसेनात, तेव्हा मी वहीचा कागद जोडला. सर्वांत वर चिमाबाईचं नाव घालणार, म्हणून तिला विचारायला पेठेला गेलो. शालूही बरोबर होती. मी म्हणालो, चिमाबाई, हे मूळ तुझं ना? ती म्हणाली, “माजं कुटलं? मी नवी नवरी व्हते तवा लावनीला पार कुसगावापत्तोर जायाचो आमी. तितं हिराबाय म्हनून व्हती. लय मायाळू. निघताना तिनं माज्या पदरात घातलं, वाडीवर लाव म्हनाली. तिची ल्येक तवा पाळन्यात व्हती.” मग तिने शालूकडे बघितलं आणि म्हणाली, “हीच की ती. तुला ठावं न्हाई व्हय गं? मला वाटलं तुज्या आयचं म्हनूनच तू मागून घेतलंस.”

घरी आल्यावर शालू सुपात मूठभर भात घेऊन बसली आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होती. तिला आईचा चेहरा आठवत नाही, हे ती मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

हिराबाईंना ते कोणी दिलं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून मी कागदावर पहिली ओळ कोरी सोडली. दुसऱ्या ओळीवर तुमच्या आई, मग चिमाबाई, मग शालू, मग बाकीची घरं. माझं नाव मी पाचवं घातलं होतं. शालू म्हणाली, तुम्हाला कळलं तेव्हा बाकी सगळ्यांना कळून वर्ष झालं होतं. मी शेवटी गेलो.

साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, दत्तोबा, नियमाप्रमाणे नाव एकच लागतं, असा फॉर्म गेला तर पंप दुसऱ्याला जाईल. मी म्हणालो, जाऊ द्या. पंप गेला, शेजारच्या गावातल्या एका बागाईतदाराला. पंधरा दिवसांनी तोच माणूस आमच्या दारात हजर, दत्तविजयचं बी मिळेल का विचारत. शालूने त्याला पायलीभर बी दिलं आणि पंपाबद्दल विचारलं. आता दर मंगळवारी पंप आमच्याकडे असतो.

तुमच्या पेटीचं झाकण काढून टाकलं. आत कोंबडी खुडूक बसली आहे. तिला पेटी फार आवडली.

आपला,
दत्तोबा


कुसगाव,
३ डिसेंबर १९६७

दाजी आणि शालू, दोघांना मिळून हे पत्र.

ऑफिसात वाचायला घेतले आणि अर्ध्यावर बंद करून घरी आलो. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा लवकर आलो. कस्तुरा घाबरली.

शालू, आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, तू चारची. आईनंतर बी राखायला घरात कोणी बाई नव्हती. आबांनी बाजारचे बी आणून लावले, आणि आईचे भात दोन वर्षांत आमच्या शिवारातून गेले. गेले हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आले नाही. ते चिमाबाईने तीस वर्षे डोंगरावर सांभाळले, आणि तुझ्या हाताने ते परत आईच्याच खाचरात आले. सर्वांत वरच्या खाचरात आईच भात लावायची, हे मला काल कस्तुराशी बोलताना आठवले. कस्तुराने तिथे का लावले विचारले, तर म्हणते, त्या खाचराकडे बघून तसे वाटले.

दाजी, कागदावरची पहिली ओळ कोरी राहू द्या. तिच्यावर लिहायला मी कोण आणि तुम्ही कोण. आपण शेवटी गेलात तर तुमच्याखाली माझे नाव घाला. मला तर खातानासुद्धा कळले नाही.

संध्याकाळी कस्तुराने मुद्दाम जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भात शिजवला. झाकण काढले आणि तोच वास आला. मी ताटावर बसून रडलो, आणि कस्तुराने मला रडू दिले. मग ती म्हणाली, “आता त्या पितळेच्या पातेल्याचं काय करू?”

मी म्हणालो, परंदवडीला पाठवून दे. शालूच्या घरी या भाताला पातेले लागेल.

आपला,
भिमाजी